दान देणाऱ्याला फळ चाखायला मिळत नाही

माझ्या सजातील दोन गावांची गोष्ट सांगतो. एका गावच्या मंडळाने सात उन्हाळे पाझर तलावातला गाळ उपसला. शेजारच्या गावच्या मंडळाने एकच उन्हाळा काम केले. पण फोटो, पावत्या, किती ट्रॉली गाळ कोणाच्या रानात गेला याची वही, सगळे जागच्या जागी. एका कंपनीची माणसे मदत द्यायला आली आणि धनादेश दुसऱ्या मंडळाला देऊन गेली. पहिल्या मंडळाचे अध्यक्ष मला म्हणाले, "साहेब, काम देवाला दिसतंय, कागद कशाला?"

देवाला दिसते हो, पण धनादेशावर सही देव करत नाही. बोलणाऱ्याचे एरंड विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, हे काय मी तुम्हाला सांगायचे?

आपल्या द्राक्षवाल्यांनी हे कधीच ओळखले. 1991 साली त्यांच्या सहकारी संस्था एकत्र आल्या आणि महाग्रेप्स या नावाने माल परदेशी धाडू लागल्या. पेटीवर नाव, प्रत, वजन. गिऱ्हाईक त्या छापावर भरवसा ठेवते. वरच्या थराला टपोरे घड आणि खाली गळका माल निघाला, तर पुढच्या वर्षी त्या छापाला कोणी विचारत नाही.

संस्थेचे मात्र याहून अवघड आहे. द्राक्षे घेणारा घरी जाऊन ती खातो, गोड की आंबट त्याला कळते. दान देणारा पैसे देतो आणि फळ तिसराच खातो. म्हणून त्याला छाप जास्त लागतो, आणि म्हणूनच त्याला फसवणेही सोपे असते. खोट्या संस्थेने एकदा फसवले की तो पुढच्या दहा खऱ्यांना दार लावून घेतो.

गाडगेबाबांनी कधी पत्रक छापून स्वतःचा डंका पिटला नाही. डोक्यावर गाडगे, हातात खराटा. लांबून माणूस ओळखू यायचा. पण ते सोंग नव्हते. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन. लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या राहिल्या, त्या कोणीही जाऊन बघाव्यात. 2000-01 साली सरकारने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचेच नाव दिले.

अलीकडचे उदाहरण पाणी फाउंडेशनचे. 2016 साली तीन तालुक्यांत वॉटर कप स्पर्धा झाली, 2018 साली ती 75 तालुक्यांत पोचली. नटाचे नाव होते, गाणी होती, टीव्ही होता. पण आधी गावकऱ्यांना प्रशिक्षण, आणि गुण मोजलेल्या कामाला. नावाने माणसे जमली. काम टिकले ते टेपने मोजल्यामुळे.

तेव्हा गावातल्या मंडळांनी एवढे करावे. धर्मादाय कार्यालयात नोंदणी करून दरवर्षी हिशेब द्यावा. दात्याला आयकरात सूट मिळावी म्हणून आयकर खात्याची मान्यता घ्यावी. कंपन्यांचा सामाजिक निधी हवा असेल, तर 2021 पासून सीएसआर-1 ची नोंदणी लागते. संस्था काय करते हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. "सर्वांगीण विकास" म्हटले की ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. काम सुरू होण्याआधीचा आणि संपल्यानंतरचा फोटो एकाच जागेवरून काढावा. पावसाळा झाला की दात्याला पत्र लिहावे: तुमच्या पैशातून इतके काम झाले, विहिरींचे पाणी इतके फूट वर आले. आले नसेल तर तेही लिहावे. खरे लिहिणाऱ्यावर माणूस दुसऱ्यांदा भरवसा टाकतो.

माणसाचे फोटो छापताना मात्र जपावे. मदत घेणाऱ्या बाईला शिलाई यंत्रापाशी हात जोडून उभे करायचे आणि तिचा फोटो गावभर लावायचा, ही जाहिरात नव्हे, तिची अब्रू काढणे आहे.

आणि सरपंच, ग्रामपंचायतीचे अधिकारी यांना एक विनंती. येत्या ग्रामसभेत गावातल्या प्रत्येक संस्थेचा जमाखर्च वाचून घ्या आणि फळ्यावर लावा. पहिला दाता गावच असते. गावाने ज्यावर विश्वास ठेवला, त्यावर बाहेरचाही ठेवतो.

त्या सात वर्षांच्या मंडळाने यंदा वही घातली आहे. पहिल्या पानावर तारीख आहे आणि ट्रॉल्यांचा आकडा आहे. उशीर झाला, पण पेरणी झाली म्हणायची.