परिचारकाचे चार गुण आणि आपण मालक मंडळी

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शौच असावे, एवढीच त्यांची अपेक्षा. धडधाकट हातापायांचा त्यात उल्लेख नाही. विद्यार्थिदशेत हे आम्ही पाठ केले. अर्थ मात्र उशिरा, स्वतःच्या चुकीतून उमगला.

आमच्या औषधालयात बारा वर्षे काम करणाऱ्या एका सहकाऱ्यास पक्षाघात झाला. रुग्णालयातून घरी आल्यावर स्नेहन, स्वेदन, बस्ती ही चिकित्सा आम्हीच केली. चार महिन्यांत तो काठी घेऊन चालू लागला; उजवा हात मात्र दुबळाच राहिला. कामावर येऊ का, असे विचारावयास तो आला, तेव्हा एका महिन्याचा जादा पगार हाती ठेवून आम्ही त्याला निरोप दिला. वैद्य म्हणून ज्याला उभे केले, त्यालाच मालक म्हणून आम्ही घरी बसविले.

पुढे अशोकाच्या सालीचे एक पोते आले. नव्या मुलाने ते उतरवून घेतले. अरिष्टाची तयारी करताना आम्हास शंका आली आणि सालीचा तुकडा घेऊन आम्ही त्याच जुन्या सहकाऱ्याचे घर गाठले. तो म्हणाला, "वैद्यसाहेब, हा आसुपालव. माझा हात गेला, पण नाक-डोळे शाबूत आहेत."

पुढच्याच आठवड्यात तो पुन्हा रुजू झाला. वजनकाटा डाव्या हाताशी आणला, बरण्या कमरेच्या उंचीवर घेतल्या, पाठीची खुर्ची दिली, कुटण्याचे व पोती उचलण्याचे काम दुसऱ्याकडे सोपविले. खर्च एका फळीचा आणि एका खुर्चीचा.

कायदा यालाच वाजवी सोय म्हणतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आल्यास कर्मचाऱ्यास काढू नये, जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे द्यावे, असे त्याचे कलम २० सांगते. हे बंधन शासकीय आस्थापनांवर आहे. परंतु समान संधी धोरण जाहीर करण्याचे कलम २१ खासगी आस्थापनांनाही लागू आहे. आपल्यापैकी किती औषधालयांत असे धोरण लिहिलेले आहे?

कोणी म्हणतील, विमानस्थानात शिष्य अव्यंग असावा असे सांगितले आहे. खरे आहे. तो त्या काळाचा निकष होता. बरण्यांची उंची बदलण्यास त्याची आडकाठी नाही. सर्वच कामे सर्वांना जमतील, असेही आम्ही म्हणत नाही. पण काय जमते हे विचारण्यापूर्वीच निरोप देणे म्हणजे रुग्णपरीक्षा न करता चिकित्सा करणे होय.

व्यवसायबंधूंनी या तिमाहीत तीन गोष्टी कराव्यात, ही विनंती. समान संधी धोरण लिहून भिंतीवर लावावे. दर्शनी पायऱ्यांशेजारी उतार करावा. तो रुग्णांनाही उपयोगी पडेल. आणि आजारपणामुळे घरी बसलेला आपला एखादा जुना माणूस असेल, तर त्याच्याकडे एकदा जाऊन यावे. आम्ही मात्र गेलो ते स्वतःचे अडल्यावर. याची खंत अजून आहे.