आधी प्लग, मग पॉइंट, शेवटी कार्बोरेटर

'वडिलांची फियाट अंगणात उभी आहे. सुरू होते, पण स्लोला बंद पडते. आई म्हणते ठेवा, मुलगा म्हणतो विका. कार्बोरेटर बदलू का?' रामनगरच्या एका वाचकाचा हा प्रश्न. आई आणि मुलगा यांच्यामध्ये मी पडत नाही. पण निव्वळ स्लोला बंद पडते म्हणून गाडी भंगारात जाऊ नये, एवढं नक्की सांगतो.

१९६४ साली अमेरिकेत पोंटिअॅकची जीटीओ आली, आठ सिलिंडरची, ६.४ लिटरची. त्याच वर्षी आपल्याकडे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी स्थापलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट ११०० डिलाइट आली. चार सिलिंडर, १०८९ सीसी. पुढे १९७४ मध्ये तिची पद्मिनी झाली. ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक, पण दोघींच्या कार्बोरेटरचं काम एकच: एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे पंधरा भाग हवा देणं.

गाडी अडली की पहिला आळ कार्बोरेटरवर येतो. आमचे मिस्त्रीअण्णा मात्र त्याला सगळ्यात शेवटी हात लावतात. आधी एअर फिल्टर आणि टॅपेट. मग प्लग: काळा पडला असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला असेल तर कमी, विटकरी असेल तर ठीक. मग पॉइंटचं अंतर आणि टायमिंग. कार्बोरेटरच्या बुडाचं पॅकिंग हवा खात नाही ना, चोक पूर्ण उघडतो ना, हेही बघायचं. एवढं झाल्याशिवाय स्क्रू फिरवणं म्हणजे ताप कशाचा ते न बघता गोळी देणं.

आता सोलेक्स. गाडी मोकळ्या जागेत घ्या, जवळ विडीकाडी नको. जेट हवेने फुंकून साफ करा. तार घालू नका, भोक मोठं होतं. मिक्श्चरचा स्क्रू अलगद बंद करून दीड फेरा उघडा. आवळू नका, त्याचं टोक खराब होतं. इंजिन चांगलं गरम होऊ द्या आणि दुसऱ्या स्क्रूने स्लो थोडा वाढवा. मग मिक्श्चरचा स्क्रू बाहेर घ्या. इंजिन घोड्यासारखं उसळायला लागलं की हळूहळू आत. आवाज सरळ आणि सर्वांत जलद झाला, तिथे थांबा. मग स्लो खाली आणा. हे दोन-तीनदा करावं लागतं. आमचे अण्णा पाव फेऱ्याच्या वर जाऊ देत नाहीत. 'स्वल्प, स्वल्प!' म्हणतात. हा शब्द आपल्या दोन्ही भाषांना कळतो.

आपल्या भागाच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. गोव्यात ट्यून केलेली गाडी अनमोड घाट चढून आली की पाचेक टक्के विरळ हवेत पेट्रोल थोडं जास्त पडतं. म्हणून शेवटचं ट्यूनिंग गाडी जिथे राहते तिथेच करावं. दुसरी गोष्ट पेट्रोलची. २०२५ पासून देशभर त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. त्याला हवा कमी लागते, म्हणून जुन्या मापाच्या जेटवर इंजिन कोरडं चालतं आणि तापतं. मिक्श्चरचा स्क्रू स्लोपुरताच. धावताना ओढ कमी वाटली तर मेन जेट एक नंबर मोठा लागेल. इथेनॉल पाणीही ओढून घेतं. आपल्या पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या गाडीत ते टाकीच्या तळाशी साचतं आणि जुने रबरी पाइप फुगतात. पाइप बदला, पंपाचा पडदा बघा.

एवढं करून धुराची तपासणी करून घ्या. इतक्या जुन्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आहे. कानाने लावलेलं माप बरोबर आहे की नाही, ते यंत्र सांगेल.

खरी अडचण सामानाची कमी, माणसांची जास्त. २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर बहुतेक नव्या दुचाकींतूनही कार्बोरेटर गेला. नव्या पोरांना तो उघडायला मिळत नाही आणि अण्णांच्या कानाला वारस नाही. म्हणून गाडी मिस्त्रीकडे नेताना मुलालाच बरोबर न्या. स्क्रू त्याच्या हातात द्या आणि आवाज सरळ होतो तो क्षण त्याला ऐकू द्या. मग आईला शेजारी बसवून त्याने अनमोडपर्यंत एक फेरी मारावी. विकायची की ठेवायची, ते परत आल्यावर घरच्यांनी बसून ठरवावं.