एका माणसाचा भात

रात्री साडेनऊला फोन वाजला. ‘‘ताई, एका माणसाला तांदूळ किती घेऊ?’’

मी तिला ती सातवीत असल्यापासून ओळखते. बालगृहात दर रविवारी गणित शिकवायला जायचे तेव्हापासून. साठ जणींचा भात तिला डोळे मिटून जमायचा. एकीचा कधी लावलाच नव्हता. ‘‘अर्धी वाटी घे, वर बोटाच्या पेराइतकं पाणी,’’ म्हटलं. भाड्याच्या खोलीतला तो तिचा तिसरा दिवस होता.

अठरा पूर्ण झाली की बालगृह सुटतं. कायदा मात्र तिथं हात सोडत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण कित्येकदा मुलांनाच ते ठाऊक नसतं. 2015 च्या बाल न्याय अधिनियमात बाहेर पडणाऱ्यांसाठी आर्थिक मदतीची तरतूद आहे. 2016 च्या नियमांनुसार एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून तेविसाव्यापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सुटल्यानंतरच्या देखभालीची, सोय मिळू शकते. मिशन वात्सल्य योजनेतून अशा मुलांना महिना 4000 रुपये मिळू शकतात. गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता करवंदे मुख्यमंत्र्यांना भेटल्या, आणि 2018 मध्ये महाराष्ट्रानं अनाथांना शिक्षणात व सरकारी नोकरीत 1 टक्का आरक्षण दिलं. मोठंच काम झालं ते. पण त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं, आणि त्याची धावपळ मूल संस्थेत असतानाच व्हायला हवी. खोली शोधत फिरणाऱ्या पोरीला कचेरीच्या खेपा कशा जमायच्या?

खोली शोधायला मी सोबत होते. घरमालकीण चांगली होती, चहा दिला. मग सहज विचारलं, ‘‘गाव कुठलं गं तुझं? घरी कोण कोण असतं?’’ ती कपातल्या सायीकडे बघत राहिली. अशा तीन खोल्या गेल्या. चौथीला मी आधीच म्हणून टाकलं, ‘‘मी आहे तिची.’’

संस्था शिवण शिकवतात, टॅली शिकवतात, पार्लरचा कोर्स देतात. ते हवंच. पण घंटेवर उठायचं, रांगेत जेवायचं, साबणाची वडीसुद्धा मोजून घ्यायची, अशा दिवसांत पैसा हाताळायला मिळतो कुठे? पहिल्या पगारातले अडीच हजार तिनं बालगृहातल्या धाकट्या मुलींच्या खाऊवर आणि केसांच्या क्लिपांवर खर्च केले. महिनाअखेर वडापाववर काढली. मी रागावले. घरी येऊन फार वाईट वाटलं. माझ्या लेकानं हीच चूक चौदाव्या वर्षी पन्नास रुपयांत केली होती, आणि संध्याकाळी त्याच्या पुढ्यात ताट होतं.

म्हणून माझं मागणं अगदी साधं आहे. चौदाव्या वर्षापासून मुलांच्या हातात महिन्याला शंभर रुपये द्या. भाजी आणायला पाठवा, बँकेत स्लिप भरू द्या, हिशेब चुकू द्या. आणि प्रत्येकाला बाहेरचं एक तरी माणूस जोडून द्या, रात्री साडेनऊला फोन उचलणारं. चार हजारांत कॉट आणि मेस कशीबशी भागेल. ताप आला तर डॉक्टरकडे कोण नेणार?

परवा तिनं विचारलं, ‘‘ताई, दिवाळीत तुमच्याकडे कोण कोण असतं?’’ ती काम करते ते दुकान तेव्हा चार दिवस बंद असतं. म्हटलं, ‘‘धनत्रयोदशीलाच ये. चकलीचा सोऱ्या माळ्यावर आहे, माझा हात पोचत नाही.’’