माळ्यावरचा तीर वर चढत नाही, साहेब!



आपल्या एका पाड्यावरच्या भावावर २००३ साली चितळ मारल्याचा गुन्हा लावला. तारखा अजून पडताहेत. त्या पंचनाम्याची झेरॉक्स आम्ही मिळवली आणि बैठकीत मोठ्यानं वाचली. जुनी माणसं हसायलाच लागली.

पंचनामा म्हणतो, आरोपीने ज्वारीच्या शेतातील दहा हात उंच माळ्यावर बसून तीर-कामठ्याने चितळ मारले. त्याच कागदावर जखम लिहिलीय: पोटाच्या खालून गोल भोक, आरपार, पाठीजवळ निघालेलं. म्हणजे तीर जमिनीतून उगवला की काय?

लिहिणाऱ्यानं जन्मात कामठा ओढलेला नाही. माळ्यावरून नेम धरणं निराळं असतं. नवखा पोरगा नुसता हात खाली करतो, आणि तीर जनावराच्या पाठीवरून निघून जातो. वाकायचं ते कमरेतून. छाती नि हात जमिनीवर असतात तसेच ठेवायचे. अंतर धरायचं ते माळ्याच्या बुडापासून जनावरापर्यंतचं. डोळ्यापासूनचं तिरकं अंतर जास्त भासतं, माणूस नेम वर धरतो आणि चुकतो. नीट लागलेला तीर अलीकडच्या फासळ्यांत वर शिरतो नि पलीकडे पुढच्या पायामागं खाली निघतो. शिवाय आपल्या तीराचं लोखंडी पातं चीर पाडतं. गोल भोक कशाचं असतं ते पोलीस पाटलालाही कळतं. त्या रात्री रस्त्यावर जीप उभी होती, हे पाड्याला माहीत आहे. पंचनाम्याला माहीत नाही.

हे आम्ही शिकार करा म्हणून लिहीत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हत्यार म्हणून तीर-कामठ्याचं नाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं परंपरेचे हक्क मानले, पण शिकारीचा वगळला. हे लपवून कुणाला खड्ड्यात घालायचं नाही. पण शिकार करणं वेगळं आणि माळ्यावर कामठा असणं वेगळं. रानडुकरं एका रात्रीत उभं पीक लोळवतात. गोफण, वाजवायला डबा, कुत्रं आणि कामठा घेऊन माणूस राखणीला बसतो. साहेब-संस्थानिकांचं मचाण होतं ते शिकारीचं, आणि हाका घालायला आपलेच आजे-पणजे. १९७२ च्या कायद्यातही शिकारीचे परवाने होतेच, ते बंद झाले १९९१ च्या दुरुस्तीनं. आपल्यातलं कोण गेलं होतं परवाना काढायला?

आता खरी गोम ऐका. याच भावाचा जमिनीचा दावा चालू आहे. त्यावर खात्याचं लेखी म्हणणं असं की, १३ डिसेंबर २००५ पूर्वी त्या जागी शेती नव्हतीच, जंगल होतं. अहो, मग २००३ साली ज्वारी कुठून आली? माळा काय हरणांनी बांधला? एका कागदावर शेत आहे, कारण आरोपी पाहिजे. दुसऱ्या कागदावर जंगल आहे, कारण जमीन पाहिजे. सही मात्र दोन्हीवर एकाच कचेरीची!

म्हणून तो पंचनामा आम्ही दाव्याला जोडला. नियम १३ प्रमाणे सरकारी कागद पुरावा म्हणून चालतो, घर, बांध आणि म्हाताऱ्यांचा जबाबही चालतो. आणि दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कलम ४(५) प्रमाणे कुणाला उठवता येत नाही. उठवायला आले तर हे कलम दाखवा, आणि लेखी हुकूम मागा.

तुमच्या घरी पत्र्याच्या पेटीत, आढ्याला, जुन्या केसचे कागद असतील. दंडाची पावती, समन्स, जप्त कामठ्याची यादी. लाज वाटून जाळू नका. पुढच्या बैठकीला घेऊन या. झेरॉक्स द्या, मूळ कागद आमच्याही हातात देऊ नका. आणि पंच म्हणून बोलावलं तर वाचून दाखवल्याशिवाय अंगठा उठवायचा नाही.