जाम कॅलिपर आणि आपली इंजिनिअरिंग

पास्कलचा नियम आपल्याला शाळेत पाठ, बारावीला पाठ, ऑटोमोबाईलच्या पेपरला पुन्हा पाठ. पण जाम झालेल्या कॅलिपरमधून पिस्टन बाहेर कसा काढायचा, असं कुणी विचारलं की मेकॅनिकलचं अर्धं हॉस्टेल खाली बघतं. माझं मत स्पष्ट आहे : हे काम आपल्याला आलंच पाहिजे.

मुरुड, लातूर, नांदेडकडे जुन्या झेन, इंडिका, सँट्रो अजून वाड्यासमोर उभ्या दिसतात. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी करून ५ वर्षांनी वाढवता येते, त्यामुळे कोण लगेच मोडीत काढणार? पण या गाड्या चालतात कमी, उभ्या राहतात जास्त. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर महिनोन्‌महिने हलल्या नाहीत. अशी गाडी बाहेर काढली की एका बाजूला ओढते, एकच चाक तापतं, जळका वास येतो. आणि आपल्या बार्शी रस्त्यावर रात्री समोर बिनलाईटची उसाची ट्रॉली आली की एका बाजूला ओढणारा ब्रेक म्हणजे काय, ते सांगायला नको.

मूळ घोटाळा नावातच आहे. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते ऑइल नाहीच. ते ग्लायकॉल जातीचं द्रव, हवेतलं पाणी शोषून घेणारं. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० वर येते. तेच पाणी आतून गंज धरवतं. बाहेरचं रबरी बूट फाटलं की पावसाचं पाणी नि धूळ आहेच. मग नवे पॅड टाकताना मिस्त्री पिस्टनचा बाहेर आलेला गंजका भाग जोर लावून आत ढकलतो, आणि तिथंच तो अडकतो.

व्हायव्हाला एक प्रश्न हमखास विचारावा : कॅलिपरमध्ये रिटर्न स्प्रिंग कुठे असते? नसतेच! चौकोनी छेदाची रबरी सील पिस्टनबरोबर जराशी पिळते आणि पाय उचलला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. गंज धरला की हे संपलं.

पण चाक धरलं म्हणजे पिस्टनच जाम, असं लगेच ठरवू नका. गाडी ठोकळा लावून उचला, निपल सैल करा. चाक लगेच मोकळं झालं तर दाब वरच अडकलाय, बहुधा जुना होज आतून फुगलाय. नाही झालं तर पिस्टन बघा, आणि स्लाइड पिनाही बघा.

आता काढायचा कसा? होज जोडलेला असतानाच कॅलिपर डिस्कवरून उतरवा, पिस्टनसमोर लाकडाचा ठोकळा द्या आणि मित्राला हळूहळू पेडल मारायला सांगा. बहुतेक वेळा येतो. आपल्याकडे मात्र होज सोडून थेट पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवा देतात. हिशेब करा. ५० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन, क्षेत्रफळ साधारण १९.६ चौरस सेंटिमीटर. हवा ७ किलोची. म्हणजे १३७ किलोचा रेटा! पेडलचा दाब याहून जास्त असतो, पण द्रव दबत नाही, म्हणून पिस्टन सुटल्यावर दाब तिथंच संपतो. दाबलेली हवा मात्र पसरत राहते आणि पिस्टन गोळीसारखा सुटतो. मध्ये कुणाची बोटं असली तर गेलीच.

दुसरी वाईट सवय रॉकेलची. ब्रेकच्या रबराला रॉकेल, डिझेल, साधं ग्रीस लागलं की ते फुगतं. धुवायला ब्रेक क्लीनर किंवा स्पिरिट, बसवताना ताजं ब्रेक ऑइल, बस. सील नि बूट नवंच, किट काही फार महाग नसतं. जुनीच सील घालून "झालं मोकळं" म्हणणं मला पटत नाही. आणि सील बसते त्या जागी पिस्टनला खड्डे असतील तर पॉलिश पेपर घासत बसू नका, क्रोमचा थर जातो नि गंज दुप्पट वेगानं येतो. नवा पिस्टन घ्या.

वर्कशॉपमध्ये आपण अजून लाकडाचे जॉइंट करतो, करावेत. पण भंगार बाजारातून चार जाम कॅलिपर आणून एखादं प्रॅक्टिकल त्यावर का नको? खर्च दोन सबमिशनच्या झेरॉक्सइतका. विभागाला जमत नसेल तर हॉस्टेलवाले वर्गणी काढू, सरांनी फक्त व्हाइस आणि एक शनिवार द्यावा.