भयपटाची पुनर्निर्मिति

गाजलेल्या जुन्या भयपटाची नवी आवृत्ति निघाली, कीं "मूळचा होता तोच बरा होता," असा अभिप्राय बहुधा ऐकूं येतो. आमच्या मतें हा अभिप्राय पुष्कळदां खरा असला, तरी सर्वस्वीं खरा नाहीं. दोष पुन्हा सांगण्यांत नसतो. हरिश्चंद्राचें आख्यान श्रोत्यांस तोंडपाठ असतें, तरीहि समर्थ कीर्तनकार त्यांच्या डोळ्यांत पाणी आणतोच.

भयाची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. करुण कथा ठाऊक असली तरी रडूं येतें. परंतु दाराआड कोण उभें आहे हें एकदां कळलें, कीं त्या दाराचें भय सरलें. आल्फ्रेड हिचकॉक यांचा 'सायको' १९६० सालीं निघाला. १९९८ सालीं गस व्हॅन सँट यांनीं तो जवळजवळ दृश्यास दृश्य जुळवून, रंगांत, पुन्हा काढला. कथा तीच, संगीतहि तेंच. पण पूर्वीचें भय कांहीं परत आलें नाहीं.

याच्या उलट उदाहरण 'द थिंग' या चित्रपटाचें. जॉन कँबेल यांच्या १९३८ सालच्या कथेंत बर्फांत गोठलेला परका जीव कोणत्याहि प्राण्याचें हुबेहूब रूप घेतो. १९५१ सालच्या पहिल्या चित्रपटानें ही कल्पनाच गाळली; तेथें उरला तो केवळ एक धिप्पाड राक्षस. १९८२ सालीं जॉन कार्पेंटर यांनीं ती परत आणली. अंटार्क्टिकावरील एकाकी ठाण्यांत आपल्या सोबत्यांपैकीं माणूस कोण आणि राक्षस कोण, हेंच कोणास कळेना! राक्षसाच्या भयाची जागा अविश्वासाच्या भयानें घेतली. प्रारंभीं या चित्रपटाची उपेक्षा झाली. आज तो या प्रकारांतील श्रेष्ठ कृतींत गणला जातो.

तात्पर्य, यशस्वी पुनर्निर्मितींत बीज जुनें असतें, पण भय नवें असतें. मूळ कृतींत जें सांगावयाचें राहून गेलें, तें शोधणाराच यशस्वी होतो.

हे चित्रपट प्रौढांसाठीं आहेत, बालकांसाठीं नव्हेत. त्यांपासून मिळणारा धडा मात्र सर्वांसाठीं आहे. दुसऱ्याचा निबंध उतरून काढणाऱ्या विद्यार्थ्यास अक्षरें मिळतात, विचार मिळत नाहीं. म्हणून पाल्यानें जुनाच विषय निवडला, तर पालकांनीं त्यास नाउमेद करूं नये, "यांत तुझें स्वतःचें काय?" एवढेंच प्रेमानें विचारावें.