मशीनला पैसे आहेत, फिजिओला नाहीत!

पॅरॅलिसिस झालेल्या माणसाच्या डोक्याला चुंबकाचे पल्स दिले की लुळा हात भराभर सुधारतो, अशी पॅकेजेस हल्ली आपल्याकडेही विकली जातात. आपल्या पिढीला ती फार आवडतात. आई-बाबा तिकडे, आपण इकडे. मशीनचे पैसे ऑनलाइन भरले की कर्तव्य संपलं. रोज येणाऱ्या फिजिओच्या फीवरून मात्र घासाघीस! माझा राग त्यावर आहे.

थिअरी तशी झकास. स्ट्रोकनंतर मेंदूची शाबूत बाजू जखमी बाजूला दाबून टाकते म्हणे, म्हणून शाबूत बाजूला सेकंदाला एक असे संथ पल्स देऊन गप्प करायचं. छोट्या अभ्यासांत फायदा दिसलाही. मग अमेरिकेत १२ केंद्रांवर १९९ पेशंट घेऊन 'नीश' ट्रायल झाली. हाताचा व्यायाम सगळ्यांना. काहींना खरे पल्स, काहींना नुसतं नाटक. म्हणजे आपली ए/बी टेस्टच की! २०१८ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी ठरवलेल्या मापाइतका हात सुधारला, तो खऱ्या गटात ६७ टक्के लोकांचा आणि नाटकाच्या गटात ६५ टक्के. बोंबला!

डोक्याला इलेक्ट्रोड लावून सौम्य करंट देणाऱ्या 'ट्रान्सपोर्ट-२' ची (२०२५, १२९ पेशंट) तीच गत. २ मिलीअँपिअर द्या नाहीतर ४, व्यायामापेक्षा जास्त काही पदरात पडलं नाही.

मग व्यायाम तरी खरा कशावरून? रास्त शंका. 'एक्साइट' ट्रायल बघा, २००६ ची. २२२ पेशंट. एका गटाच्या चांगल्या हाताला दोन आठवडे, जागेपणीचा ९० टक्के वेळ, जाड मोजा घातला आणि लुळ्या हाताकडून तासन् तास कामं करून घेतली. बटणं, डबे, कपडे, सगळं. नेहमीचेच उपचार चालू असलेल्या दुसऱ्या गटापेक्षा हे लोक पुढे गेले आणि वर्षानंतरही पुढेच होते. यात मशीन कुठे आहे? आहे तो मोजा, घाम आणि समोर बसून 'अजून एकदा काका' म्हणणारा माणूस.

"पण मशीनला एफडीएची मान्यता आहे!" हो, २००८ साली मिळाली. डिप्रेशनसाठी.

संशोधन जरूर चालू राहू दे, डोस-वेळ बदलून उद्या काही हाती लागेलही. पण तोवर पॅकेज घेताना एवढंच विचारा, की यात फिजिओ रोज किती तास? "ते घरी करून घ्या" असं उत्तर आलं तर सरळ उठून या.